हर्नियाच्या ऑपरेशननंतर सूर्यनमस्कार कधीपासून?

सिडकोकर:
वडील, वय 58. बेंबीच्या हर्नियाचं ओपन ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, जाळी बसवली आहे. टाके सुकलेत, दुखत नाही. आधी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणं आणि घरी 12 सूर्यनमस्कार असा नेम होता. आता थेट नाशिकच्या पांडवलेणीच्या टेकडीच्या पायऱ्या चढायच्या म्हणतात. चालेल का?

गोदाकाठ फिजिओ:
सुकले ते कातडीचे टाके. आतलं जाड आवरण सहा आठवड्यांनी जेमतेम निम्म्या ताकदीवर येतं, म्हणून दुखत नाही यावर जाऊ नका. आधी सर्जनला दाखवा. त्यांनी हो म्हटलं तरी सपाट ट्रॅकवर 30 मिनिटं चालून दुसऱ्या दिवशी जखम ओढत नसेल, तरच पायऱ्या. त्याही सावकाश, मध्ये थांबत. घाईत माणूस श्वास कोंडून जोर लावतो आणि पोटातला दाब वाढतो.

घरी पाठीवर झोपून गुडघे वाकवा. श्वास सोडत बेंबी हलकेच आत घ्या, 5 सेकंद, 10 वेळा. बोटं बेंबीच्या वरच्या रेषेवर ठेवा. मधोमध तंबूसारखा उंचवटा आला की तो व्यायाम अजून झेपत नाही असं समजा. उठताना कुशीवर वळून, हातावर भार देऊन.

पंचवटी योग:
सूर्यनमस्कारात घोळ दोन ठिकाणी: भुजंगासनात जखम ताणली जाते, दंडासनात (हात आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलतो ते) अख्खा भार पोटावर येतो. सुरुवातीला ही दोन्ही गाळा. पुढे दंडासन जमिनीवर नको, ओट्यावर हात टेकून करा. आकडा 12 वर न्यायची घाई कशाला? दोन नीट झाले तरी पुष्कळ.

जेलरोड:
व्यायामापेक्षा घरकाम नडतं. 20 लिटरची भरलेली बादली म्हणजे 20 किलो, भरलेला सिलिंडर 30 च्या आसपास. सर्जन सांगत नाहीत तोवर 5 किलोच्या वर उचलू देऊ नका. पोटाचा पट्टा चालताना ठीक, पण त्याच्या भरवशावर वजन उचलायचं नाही. आणि बद्धकोष्ठ! कुंथण्यानेही तोच दाब येतो.

सिडकोकर:
थोडा खोकला आहे.

गोदाकाठ फिजिओ:
मग आधी त्याचं औषध, पायऱ्या नंतर. खोकताना उशी पोटावर घट्ट धरायची. बेंबीपाशी फुगवटा येऊन तो झोपल्यावर आत जात नसेल, सोबत वेदना किंवा उलट्या असतील, तर लगेच इमर्जन्सीत न्या. जखम लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी सर्जनकडे.