नाताळचं नाटक : मशीन ठणठणीत, तारखेचा घोळ

सांस्कृतिक समिती: २५ डिसेंबरच्या मुलांच्या नाटकाची संहिता सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आहे. वीस मिनिटं, अकरा मुलं. मुलं टाइम मशीनमध्ये बसतात, मशीन बिघडतं आणि जुन्या काळातल्या नाताळांत भरकटत जातात. सूचना आजच द्या, उद्यापासून पाठांतर.

बी-३०२ काका: वाचली. "मशीन बिघडलं" तेवढं काढा. बिघडलेलं मशीन कुठेही जाऊ शकतं, मग प्रेक्षक पुढचा अंदाजच बांधत नाहीत. अंदाज नाही तर फजितीची मजाही नाही. मशीन ठणठणीत ठेवा, घोळ तारखेचा करा.

ए-७०१: म्हणजे कसा, काका?

बी-३०२ काका: १५८२ मध्ये पोप ग्रेगरीनं कॅलेंडर दुरुस्त केलं. इटली, स्पेन, पोर्तुगालात ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आला. पोपचं ऐकायचं नाही म्हणून इंग्लंडनं १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडरच चालवलं. आता आपलं मशीन आजचं, म्हणजे ग्रेगोरियन तारखांवर चालणारं. मुलांना बघायचाय न्यूटनचा जन्म. पुस्तकात तारीख २५ डिसेंबर १६४२. तीच दाबतात. लिंकनशरमधल्या वुल्सथॉर्पला उतरतात, तर गावात १५ डिसेंबर! दहा दिवस लवकर. नाताळ नाही आणि न्यूटनही नाही.

डी-२०३ ताई: आणि बाळासाठी आणलेलं सफरचंद हातात तसंच!

बी-३०२ काका: ते सफरचंद शेवटपर्यंत हातात राहू दे, कुणी खाऊ नका. एक बारकावा मात्र घ्या. तारखा बदलल्या तरी वारांची साखळी कुठेच तुटलेली नाही. मशीनवर "गुरुवार, २५ डिसेंबर" दिसतं आणि गावातली बाई म्हणते "गुरुवार, १५ डिसेंबर". वार जुळतो, तारीख जुळत नाही. टोळीतली सर्वांत लहान मुलगी हे पकडते आणि दहाचा फरक काढते. मोठ्या मुलाला तोवर मशीनवर लाथा मारू द्या.

ए-७०१: पण गूगलवर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ दिसतो.

बी-३०२ काका: तोच दिवस, नव्या कॅलेंडरात. २५ अधिक १०. आपल्याकडेही हा गुंता आहेच. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ म्हणजे राज्याभिषेकाचा दिवस. ६ जून १६७४ ही त्याची ज्युलियन तारीख. ग्रेगोरियननं मोजली तर १६ जून येते. तिथी लिहिणाऱ्याला हा त्रास नाही.

डी-२०३ ताई: न्यूटनच्या घरातला प्रवेश गाळावा असं वाटतं. वडील त्याच्या जन्माआधी जेमतेम तीन महिने गेलेले, त्या घरात विनोद बरा दिसत नाही. गंमत बाहेर रस्त्यावर, शेजारणीशी होऊ द्या. जन्मला तेव्हा लिटरभराच्या भांड्यात मावेल एवढासा होता असं त्यानं स्वतःच पुढे सांगितलंय. शेजारणीच्या हातात तेवढं भांडं द्या, पुरे.

सांस्कृतिक समिती: मंजूर. दुसरी उडी संहितेत "राणीच्या दरबारातला थाटाचा नाताळ" अशी आहे. झाड, सांता, केक वगैरे.

डी-२०३ ताई: त्यापेक्षा कँटरबरी, १६४७. मुलं आता शहाणी झालीत, तारखेत दहा मिळवतात. ४ जानेवारी १६४८ दाबतात आणि बरोब्बर स्थानिक २५ डिसेंबरला उतरतात. शनिवार, बाजाराचा दिवस. आणि नाताळ बंद! प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, मंडळींच्या संसदेनं त्याच वर्षी जूनमध्ये नाताळचा सण मोडीत काढला होता. नगराध्यक्षाचा हुकूम, दुकानं उघडी ठेवा. म्हणजे दुकान बंद ठेवणं हाच गुन्हा आणि तोच सण. लोकांनी उघड्या दुकानांतला माल उधळला, दारांना हॉली या काटेरी झुडपाच्या फांद्या लावल्या, रस्त्यात फुटबॉल खेळले, दंगल झाली. आपला सांता आनंदानं "मेरी ख्रिसमस" ओरडतो आणि शिपाई त्यालाच धरतो.

ए-७०१: लाल सांता १६४७ मध्ये?

डी-२०३ ताई: तो आपल्या काळातून मशीनमध्ये बसून गेलाय, म्हणून चालेल. उलट कुणीच ओळखत नाही यातच मजा आहे. इंग्लंडात तेव्हा "फादर ख्रिसमस" नावाचा म्हातारा होता, पण तो मेजवानीचं प्रतीक. पोतं घेऊन पोरांना खेळणी वाटणारा नव्हे. मागच्या पडद्यावरचं झाड मात्र काढा. ते इंग्लंडात घराघरांत गेलं ते १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडासकट चित्र छापून आल्यानंतर.

ई-४०५: सांताला लाल रंग कोका-कोलानं दिला ना? तो संवाद घाला, लोक हसतील.

डी-२०३ ताई: नको, ती फॉरवर्डमधली गोष्ट आहे. कोका-कोलाची गाजलेली चित्रं १९३१ पासूनची. व्यंगचित्रकार थॉमस नास्टनं अमेरिकेत त्याच्या कितीतरी आधी लाल कपड्यांतला सांता काढलाय.

बी-३०२ काका: तिसरी उडी माझ्याकडून घ्या. हशा इथेच सर्वांत मोठा येईल. मुलांना जायचंय २५ डिसेंबर १७५२ ला. आता सवयच लागलीय, दहा मिळवायचे. दाबतात ४ जानेवारी १७५३. पण त्याच सप्टेंबरात इंग्लंडनं नवं कॅलेंडर घेतलेलं आहे. २ सप्टेंबर, बुधवार. दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर, गुरुवार. म्हणजे मिळवायची गरजच नव्हती. नवा नाताळ होऊन दहा दिवस झाले. आणि जुनं कॅलेंडर धरून बसलेल्यांचा नाताळ ५ जानेवारीला, म्हणजे उद्या. दोन-दोन नाताळ आणि मुलं दोन्हींच्या मधे!

ए-७०१: फरक दहाचा होता ना? जुना नाताळ ४ ला यायला हवा.

बी-३०२ काका: १७०० साल मध्ये आलं. ज्युलियनमध्ये ते लीप वर्ष, ग्रेगोरियनमध्ये नाही, कारण शतकी वर्षाला ४०० नं भाग जावा लागतो. म्हणून फरक अकरावर गेला. हे हिशेब करणाऱ्या धाकटीच्या तोंडी घाला. तिला वाक्य छोटं द्या: "मधे १७०० येऊन गेलं!" प्रेक्षकांना गणित कळलं नाही तरी तिचा चेहरा कळेल.

डी-२०३ ताई: या प्रवेशाला जागाही आहे. बकिंगहॅमशरमधलं क्वेंटन. नाताळला फुलतं अशी ख्याती असलेलं एक काटेरी झाड तिथे होतं. नव्या कॅलेंडरचा २४ डिसेंबर आला तेव्हा लोक कंदील घेऊन ते फुलतंय का बघायला जमले. फुललं नाही, म्हणून नवा नाताळ खोटा ठरवला. संसदेचा कायदा एका बाजूला, झाडाची साक्ष दुसऱ्या बाजूला! चार गावकरी, एक वाळकी फांदी, दोन कंदील एवढ्यावर प्रवेश उभा राहतो.

सांस्कृतिक समिती: शेवट?

ए-७०१: अपोलो ८, अमेरिकेची चांद्रमोहीम. २४ डिसेंबर १९६८ ला यान चंद्राच्या कक्षेत गेलं, दहा फेऱ्या झाल्या. परतीसाठी इंजिन चालवायचं ते चंद्राच्या मागे, तिथून पृथ्वीशी संपर्क नाही. भारतात तेव्हा २५ तारखेचे सकाळचे ११.४०. यान बाहेर आलं आणि त्यातल्या जिम लव्हेलनं ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाला कळवलं की सांताक्लॉज खरोखर आहे. आपली मुलं त्या वेळी खिडकीबाहेर! इथे कॅलेंडरचं काहीच मिळवायचं नाही आणि पहिल्यांदाच सगळं जमतं. संपर्क तुटल्यावर पंधरा सेकंद पूर्ण शांतता ठेवा. मुलं घाबरून मधेच संवाद म्हणून टाकतात, म्हणून कुणीतरी विंगेत बोटांनी मोजत उभं राहा.

सी-१०४ (लाइट-साउंड): आता मशीनबद्दल. डबल-डोअर फ्रीजचा खोका घ्या. नुसता खोका दोन तालमींत बसतो, म्हणून आतून पाऊण इंची पीव्हीसी पाइपची चौकट लागेल. साडेपाच फुटांचे चार उभे, वर-खाली आडवे आठ, कोपऱ्यांना थ्री-वे (तीन तोंडांचे) एल्बो आठ. चिकटवायचं सोल्युशन लावू नका, स्क्रू मारा, नंतर पाइप सुटे करता येतात. पुढे दार, मागच्या बाजूला तळापासून चार फुटांची झडप. मागच्या काळ्या पडद्यापासून खोका दीड-दोन फूट पुढे ठेवा. अंधारात मुलं मागून निघून पडद्याआडून विंगेत. आत एका वेळी तीनच, चौथं घुसलं की झडप अडकते.

एलईडी पट्टी १२ व्होल्टची, ५ मीटरचा एक रोल. विकत घेताना नंबर बघा. मीटरला ६० दिव्यांची २८३५ पट्टी साधारण २४ वॅट खाते, तिला १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. तशीच दिसणारी रंगीत ५०५० पट्टी ७२ वॅटपर्यंत जाते, तिला ६ अँपिअर लागतात. दुकानदार दोन्हींना २ अँपिअरचाच देतो, मग अडॅप्टर तापतो आणि पट्टी लुकलुकते. दूरचं टोक मंद किंवा लालसर दिसलं तर पट्टी खराब नाही, व्होल्टेज पडतंय; दुसऱ्या टोकालाही वायर द्या. कापायची ती फक्त कात्रीच्या खुणेवर. अडॅप्टर खोक्याबाहेर, हवेशीर जागी.

ई-४०५: उडी मारताना धूर हवाच! ड्राय आइस आणतो.

सी-१०४ (लाइट-साउंड): नको. तो गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश, हाताला लागला तर कातडी जळते. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खाली साठतो. खोक्यात बसलेल्या मुलांच्या नाकाच्याच उंचीला. फॉग मशीननं क्लब हाउसचा स्मोक डिटेक्टर वाजेल आणि फरशी निसरडी होईल. चार मीटर पांढरी जाळी, खाली टेबल फॅन, बाजूनं निळा लाइट. पाचव्या रांगेतून धूरच वाटतो. फॅनला पुढची जाळी हवीच, आणि कापड त्याच्यापासून फूटभर लांब. झपझप उघडझाप करणारा स्ट्रोब लावू नका, कुणाला फिट येऊ शकते. पट्टी सावकाश मंद करा, मग आठ सेकंद अंधार. त्याहून लांबला की पालक मोबाइलचे टॉर्च लावतात आणि झडप सगळ्यांना दिसते.

डी-२०३ ताई: सांताची दाढी कापसाची नको, पेट घेते. कृत्रिम केसांची घ्या, आणि क्वेंटनच्या प्रवेशात कंदिलांत सेलचे दिवे. दाढीवर कॉलर माइक लावला की खरखर येते, तो टोपीच्या काठाला लावा. कपडे बदलायला वीस सेकंदच आहेत, म्हणून सगळे झगे मागून वेल्क्रोचे, आत तेच काळे टी-शर्ट. फुटबॉल फुगवायचा प्लॅस्टिकचा, नाहीतर पहिल्याच किकला हॅलोजन जाईल.

सेक्रेटरी: स्पीकर रात्री १० नंतर नाही. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे, त्यामुळे बेस कमी ठेवा, दंगलीच्या प्रवेशात तर नक्कीच. ८ ला सुरू, ९.३० ला हॉल रिकामा.

डी-२०३ ताई: खाऊला नेवऱ्या (करंज्या) आणि दोदोल ही गोव्याची मिठाई. मुलांना नाटकानंतर द्या, आधी दिला तर झगे तेलकट होतात.

ई-४०५: एक भविष्यातली उडीही घ्या ना! रशियातला ७ जानेवारीचा नाताळ.

बी-३०२ काका: तिथल्या चर्चचं जुनं कॅलेंडर अजून चालू आहे, आता फरक तेराचा. २१०० मध्ये आपलं लीप वर्ष नसेल, त्यांचं असेल. म्हणजे २१०१ मध्ये तोच नाताळ ८ जानेवारीला. मुलं ७ ला पोहोचतील, पुन्हा एक दिवस आधी. पण वीस मिनिटांत बसणार नाही.

सांस्कृतिक समिती: पुढच्या वर्षी. फ्रीजचा खोका कुणाकडे आहे?

ई-४०५: आमचा फ्रीज शनिवारी येतोय.

सी-१०४ (लाइट-साउंड): पॅकिंगच्या पट्ट्या कापून खोका वरून सरळ उचलायला सांगा, कटरनं उभा चिरू देऊ नका. आणि गेटवर आधीच सांगून ठेवा, नाहीतर डिलिव्हरीवाले खोका परत घेऊन जातात.