अर्धं तिकीट आणि बंद पडलेला आलूबोंडा

गावातच_राहणारा
काल आपल्या कारंज्याच्या ग्रुपवर बसस्टँडसमोरच्या हॉटेलच्या बंद शटरचा फोटो फिरला. खाली हातभर मजकूर : 'ज्या आलूबोंड्यानं आपल्याला वाढवलं तो आज पोरका झाला. मॉल आणि ऑनलाइनच्या नादानं कारंजेकरांनो, तुम्हीच तुमचं गाव मारलं.' लिहिणारे गृहस्थ पुण्याचे. दिवाळीत अडीच दिवस येतात, त्यातला एक गुरुमंदिरात आणि एक झोपेत जातो.

मी बाराही महिने इथंच असतो म्हणून सांगतो. बोंडा ऑनलाइन मिळत नाही, त्यामुळं ऑनलाइननं तो मरतही नाही. मालक थकला, दोन्ही पोरं बाहेर, आणि ज्याच्या हाताला चव होती तो कारागीर एसटीच्या संपापायी गाव सोडून गेला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर गाड्या थांबल्या त्या एप्रिलपर्यंत. स्टँडवर कुत्री झोपायची. जिथं सकाळी चार घाणे निघायचे तिथं एक संपेना. कारागिरानं होळीपर्यंत वाट पाहिली, मग सुरतेची गाडी धरली. त्यानंतर मिळायचा तो बेसनाचा गोळा. फोटोवाल्यानं तो खाल्ला असता तर शटर स्वतःच ओढलं असतं.

शेलूबाजार_ढाबा
हे अर्धं झालं भाऊ. समृद्धीचं काहून नाही बोलत? ११ डिसेंबर २०२२ ले नागपूर-शिर्डी सुरू झाला आन् आमच्या जुन्या रोडची रात्र मेली. मेहकरकडून येनारे ट्रक, पुन्याच्या ट्रॅव्हल्स, रात्री दोन वाजता खाट रिकामी नसे. बाबाच्या हाताखाली नऊ मानसं होती. आता मी आन् एक पोट्टा. समृद्धीवरच्या ड्रायव्हरले आमच्या ढाब्यावर या वाटलं तरी मधात कुंपन हाय.

गावातच_राहणारा
टोल वाचवायला कितीतरी ट्रक अजून जुन्याच रस्त्यानं येतात. रोज बघतो.

शेलूबाजार_ढाबा
येतात ना. पन जो टोल वाचवते तो जेवन बी वाचवते. केबिनमधीच स्टोव्ह पेटवते.

वही_किराणा
तुमी ट्रक मोजत बसा. मी माह्या गल्ल्याचं सांगतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांले अर्धं तिकीट झालं, आन् तवापासून आमचा शनिवार-रविवार अमरावतीले गेला. लग्नाचा बस्ता तर कवाच गेला होता, आता साबनाची वडीबी मार्टातून येते. रोकडा तिकडं, उधारी इकडं. मार्टवाल्याले म्हना बरं, 'सोयाबीन निघालं की देतो'. सरकारनं आमचा धंदा अर्ध्या तिकिटात विकला.

सासर_कारंजा
साबणाची वडी आणायला कोणी साठ-पासष्ट किलोमीटर उभ्यानं जात नाही, भाऊ. मी जाते ती आईच्या डोळ्यांच्या दवाखान्यासाठी. आधी पूर्ण तिकिटात तीनदा बोलावलं तर एकदा जायचे. आता तीनदा जाते. येताना मार्टात शिरते हे खरं, आणि का शिरते तेही ऐका. तिथं वस्तू हातात घेता येते, तारीख वाचता येते. तुमच्यासारख्या दुकानांत मी काउंटरसमोर उभी आणि मागून आलेला माणूस आधी सामान घेऊन जातो. पॅड मागितलं की चार जण वळून बघतात आणि दुकानदार ते पेपरात असं गुंडाळतो जसं मी चोरून नेतेय.

आणि त्या हॉटेलसाठी एवढे रडताय म्हणून सांगते. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, मी ते आतून पाहिलेलं नाही. एकदा डोकावले. 'फॅमिली रूम' म्हणजे जिन्याखाली कळकट पडदा आणि मागं गॅसच्या टाक्या. आमच्यापर्यंत बोंडा पुड्यातून यायचा, थंड.

वही_किराणा
ताई, तुमच्या घरचं खातं माह्याकडं हाय. तोंड उघडाले लावू नका.

सासर_कारंजा
उघडा ना. सगळ्यांसमोर उघडा. लाडक्या बहिणीचे १५०० आले की कुणाच्या वहीत जातात तेही वाचा. अमरावतीला नाही जात ते.

रिटायर_कंडक्टर
शांत व्हा. तीस वर्षं तिकिटं फाडली, मले विचारा. अर्ध्या तिकिटावर सगळे बोलतात, पण ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरच्या वरच्यांना फुकट आहे त्यावर कोणी बोललं का? आमच्या गल्लीतले दोन आजोबा पान खायला मुर्तिजापूरला जातात. त्या पानवाल्याचा धंदा वाढला, आपल्याकडच्याचा बसला. त्यांना कोणी म्हणा 'गाव मारलं'. बाया दिसल्या की बरोबर हिशेब आठवतो.

आणि सवलत महामंडळाला बुडवते असंही नाही, राज्य सरकार तो फरक भरून देतं. उलट गाड्या भरून चालायला लागल्या. जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्के वाढलं, ते पुरुषांच्या खिशाला पूर्ण लागलं हा भाग वेगळा. खरं दुखणं गाड्यांच्या हालतीचं आहे. आणि आपली शकुंतला? यवतमाळहून मुर्तिजापूरला जाताना कारंज्यात थांबायची, कापसाच्या गाठींसाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली लाइन, तिचे रूळ आता...

शेलूबाजार_ढाबा
काका, शकुंतला नका काढू. मागच्या वेळी ती निघाली तं तीन दिवस थांबली नव्हती. एरवी कधी इतकी धावली नाही.

वही_किराणा
खातं पाह्यलं. निल हाय. ताई, ते बोलाचं नव्हतं मले. तारीख वाचाची तं वाचा, कोनी धरलं नाही.
पन माही बी ऐका. २०२४ ले सोयाबीनचा हमीभाव ४८९२. माह्या गिऱ्हाइकानं केंद्रावर नंबर लागाची वाट नाही पाह्यली, व्यापाऱ्याले ४१०० नं देलं, कारन दिवाळी तोंडावर. क्विंटलमागं ७९२ गेले. ते पैसे त्याचे गेले असं तुमाले वाटते. माह्या वहीतून गेले. त्यानं मले सांगतलं, 'आता तुरीवर देतो.' तूर झाली की म्हनन कपाशीवर. मार्टात हे चालते का?

गावातच_राहणारा
नाही चालत. हे मी माझ्या लिहिण्यात धरलं नव्हतं. पण दुकानदार सोयाबीनच्या भावानं मरतो आणि शिव्या बसमधल्या बाईला, हे काही पटलं नाही.

वही_किराणा
शिव्या नाही देल्या. हिशेब मांडला.

सासर_कारंजा
हिशेब माझ्या नावावर मांडला.

पुण्यातला_कारंजेकर
ती पोस्ट माझी. अडीच दिवसांचा पाहुणा, मान्य. पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहून गावाच्या आठवणी काढतो हाही गुन्हा, मान्य. पण मी तिथं वडिलांसोबत दर रविवारी बसायचो, ते खोटं नाही. आई बाहेर पिशवी धरून उभी असायची. विचारलं की म्हणायची, मला तेलकट आवडत नाही. आज हे वाचून तिला फोन केला. म्हणाली, आवडतं की.
बाकी मॉलबद्दल मी म्हटलं ते तुम्ही खोडलं नाहीच. मार्टाचं नाव पाच वेळा आलं इथं.

गावातच_राहणारा
त्यातलं एकदा तुम्हीच घेतलं आत्ता.

शेलूबाजार_ढाबा
तो कारागीर वापस आला हाय ना बे. तुमाले कोनालेच माहीत नाही? तहसीलच्या बाजूले गाडा लावते, सकाळी अकराच्या आत. आलूबोंडा आन् कढी. जुनीच चव.

सासर_कारंजा
बसायला जागा?

शेलूबाजार_ढाबा
गाडाच हाय ताई. सगळेच उभ्यानं खातात.

वही_किराणा
बेसन माह्याकडूनच नेते तो. उधार.