अनुभव धागा : पोथीतलं वाक्य घरात कामी आलं का?

कृष्णाकाठची (सांगली, गावभाग)

2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात सगळे मिळून एकच काम करत होते : मोबाईलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघणं. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. "पन्नास झाली." "कोयनेतून किती सोडलंय?" "खालच्या अलमट्टी धरणाचं काय?" सासरे, म्हणजे आण्णा, सोफ्यावरून उठायला तयार नाहीत. 2005 ला पाणी आमच्या पायऱ्यांपाशी थांबलं होतं, त्याच्यापुढं येत नाही, हा त्यांचा हिशोब.

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं. त्यातला एपिक्टेटस डोक्यात राहिला होता. जन्मानं गुलाम, पायानं अधू, पुढं मोठा गुरू झालेला. त्याच्या छोट्या पुस्तिकेची सुरुवातच अशी आहे की काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. मी ऐनवेळी हुशारी केली. "आण्णा, पाणी किती चढायचं ते आपल्या हातात नाही." आण्णा म्हणाले, "मग गप बस की."

पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचा जुना फ्रीज स्वयंपाकघरात तरंगत होता. आम्ही बोटीतून बाहेर पडलो.

2021 च्या जुलैत परत तीच वेळ. या खेपेला मी तोंड उघडलं नाही. बँकेच्या कॅलेंडरची पाठ कोरी असते, त्यावर मधोमध रेघ ओढली. डावीकडं : पाऊस, कोयनेचा विसर्ग, पाणी कुठवर येणार. उजवीकडं : मेन स्विच बंद, नवा फ्रीज वरच्या मजल्यावर, रेशनकार्ड आणि पासबुकं प्लॅस्टिकच्या डब्यात, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या 15 दिवसांच्या, सिलिंडर बांधून. कागद भिंतीला चिकटवला आणि चहा ठेवला. आण्णांनी चष्मा लावला, दोन्ही रकाने वाचले, पेन्सिल मागितली आणि उजवीकडं खाली लिहिलं : लोणच्याची बरणी.

तर असे अनुभव हवेत. बुद्ध, गीता, योगसूत्रं, ग्रीक-रोमन, दासबोध, काहीही चालेल. उतारे डकवू नका. कुठं वापरलं, चाललं की फसलं, ते सांगा. फसलेलं आधी सांगितलंत तर उत्तम.

बेदाणा (तासगाव तालुका)

फसलेलं सांगतो ताई, माझ्याकडं तेच जास्त आहे.

आमचा सगळा माल बेदाण्याचा. द्राक्षं डिपिंग करून (वाळवण्याआधी द्रावणात बुडवून) शेडमध्ये रॅकवर टाकलेली, आठ दिवस झालेले, अजून आठवडा कोरडा गेला असता तर माल हातात. रात्री दोनला पाऊस आला. वारं असं की ताडपत्री धरायला माणूस पुरंना. सकाळी माल काळा पडायला लागलेला. वडील रॅकखाली बसून होते. अशात गावातले एक जाणते आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कर्मण्येवाधिकारस्ते. फळाची आशा ठेवू नये."

वडील म्हणाले, "फळाची आशा न्हवती तर मग बाग लावली कशाला? बाभळी लावल्या असत्या की."

मला अजून वाटतं वडलांचंच बरोबर होतं. सोसायटीचा हप्ता 'मा फलेषु' म्हणून भागत नाही. त्या श्लोकावर माझा रागच बसला. दोन वर्षांनी एका कीर्तनात तो श्लोक परत कानावर आला, पण महाराज चौथ्या चरणावर थांबले : मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि. काहीच न करण्यातही अडकून राहू नको. ही अर्धी ओळ कुणी दारात येऊन सांगत नाही. घरी येऊन वडलांना सांगितली. ते म्हणाले, "हे आधी सांगायचं न्हवतं का." त्या वर्षी पावसानंतर आम्ही महिनाभर शेडकडं फिरकलो नव्हतो आणि खरड छाटणीला (माल काढल्यावरच्या वेलींच्या छाटणीला) उशीर झाला होता. नुकसान पावसानं केलं तेवढंच आमच्या बसून राहण्यानं केलं.

आणि हो, त्या रात्री ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला शेजारचा गडी आला होता. तो काहीही बोलला नाही.

अभ्यासिकेतला (सातारा)

माझं छोटं आहे. रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस स्वतःसाठी टिपणं लिहायचा, त्यात एके ठिकाणी तो पहाटे उठवत नसलेल्या स्वतःलाच समजावतो की बाबा, माणसाचं काम करायला उठायचंय, पांघरुणात ऊब घेत पडायला जन्मलास का. मी ते कागदावर लिहून गजराच्या मोबाईलखाली ठेवलं. पहिल्या दिवशी उठलो, वाचलं, "बादशहालाही उठवत नव्हतं तर" म्हणून परत झोपलो.

कामी आला तो बुद्धाचा दुसरा बाण. संयुक्त निकाय या बौद्ध ग्रंथात आहे : अडाणी माणसाला एक बाण लागतो, आणि तो रडून-ओरडून स्वतःला दुसरा मारून घेतो. स्पर्धा परीक्षेच्या पूर्व परीक्षेत थोडक्यात राहिलो. तो पहिला. 'पोवई नाक्यावर ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगू' म्हणून तीन आठवडे मागच्या गल्लीनं मेसला जात होतो, तो दुसरा. हे लक्षात आल्यावर समोरच्या रस्त्यानं गेलो. ओळखीचं कुणी भेटलंच नाही.

माहुलीकर (सातारा)

आमच्याकडं चुलत्याशी बांधाचं आहे. दर नांगरटीला बांध वीतभर आमच्याकडं सरकतो. चुलतभावानं नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही, हे इथं टोपणनावानं कबूल करतो.

पतंजलीचं एक सूत्र आहे, पहिल्या पादातलं 33 वं. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल मुदिता म्हणजे आनंद, वाईट करणाऱ्याची उपेक्षा. अशानं चित्त प्रसन्न राहतं. मला आवडलं ते हे, की चौघांना चार वेगळी औषधं आहेत. एकच माणूस मात्र दोन खणांत बसू शकतो हे मला उशिरा कळलं. ट्रॅक्टरवाला चुलतभाऊ सुखी, म्हणजे मैत्री. पेढे घेऊन गेलो, कंदी. बांध सरकवणारा चुलतभाऊ, त्याची उपेक्षा. पण उपेक्षा म्हणजे बांध सोडणं नव्हे. सरकारी मोजणीचा अर्ज दिला, फी भरली आणि रोज सकाळी बांधावर जाऊन वीत मोजणं बंद केलं. मोजणी झाली, खुणा पडल्या. बोलणं अजून जेमतेमच आहे, पण जेवण जातंय.

निवृत्त बाई (सातारा)

सेनेका हा रोमन लेखक क्रोधावर लिहिताना सांगतो : दिवा मालवला, बायको गप्प झाली, की तो दिवसभराची स्वतःची तपासणी घ्यायचा. कुठं चुकलो, काय सुधारलं. मी 31 वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळं हे आपल्याला जमेल असं वाटलं. पहिल्या आठवड्यात रोज रात्री सुनेच्याच चुका सापडत होत्या! चपात्या जाड, भांडी रात्रीची सकाळी. लाल पेन दुसऱ्याच्या वहीवर चालवायची सवय जात नाही हो. मग नियम केला की प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू करायचं. आता रोज जेमतेम दोन ओळी होतात.

शंकासूर

सेनेका साधेपणावर लिहायचा आणि रोममधल्या गडगंज लोकांपैकी एक होता. नीरो बादशहाचा गुरू. शेवटी इ.स. 65 मध्ये त्याच नीरोच्या हुकमानं जीव द्यावा लागला. ही मंडळी आपल्याला सल्ला देणार? आणि ज्याला खरंच नैराश्य आहे त्याला सूत्रं ऐकवायची?

मिरजेची सिस्टर

शंकासूर, दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : नाही ऐकवायची. झोप, भूक उडालीय, जगणं नको वाटतंय, तर डॉक्टरकडं न्या. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, टेलिमानस, 14416 आहे, रात्रीही लागते. या धाग्यावर हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

आता माझं. वॉर्डात एका बाईचं बाळ गेलं. भेटायला आलेल्या एका शिकल्या-सवरल्या नातेवाइकानं तिला किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं मूल घेऊन ती बुद्धाकडं येते, बुद्ध मोहरी आणायला सांगतो, ज्या घरात कुणी गेलेलं नाही अशा घरातली. तात्पर्यासह सांगितली. बाईनं भिंतीकडं तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत.

मी ती गोष्ट नंतर नीट वाचली. बुद्ध तिला सुरुवातीलाच 'सगळेच मरतात' असं म्हणत नाही. तो तिला घरोघर पाठवतो. दारं तिनं वाजवायची, लोकांचं तिनं ऐकायचं. त्या दिवशी रात्रपाळीला मी त्या बाईजवळ बसले, तेव्हा शेजारच्या कॉटवरची आजी आपणहून म्हणाली, "माझी दोन गेली गं." बाई तिच्याकडं वळली. मी उठून सलाईन बघायला गेले.

निवृत्त बाई

सिस्टर, वाचून थांबले. आमच्या सज्जनगडावरचे समर्थही 'जगीं सर्व सूखी असा कोण आहे' विचारून पुढं 'विचारी मना तूंचि शोधूनि पाहे' म्हणतात. शाळेत आम्ही हा श्लोक हात बांधून उभ्या मुलांना उपदेश म्हणून शिकवला. मनाचे श्लोक 205 आहेत, ते मनाला उद्देशून आहेत. वर्गाला उद्देशून नाहीत.

शंकासूर

बाईंचं हे पटलं. सेनेकाबद्दल माझं मत कायम आहे.

बेदाणा

ताई, मूळ मुद्दा राहिला. लोणच्याची बरणी वाचली का?

कृष्णाकाठची

वाचली. आण्णा ती मांडीवर घेऊन रिक्षात बसले, नणंदेच्या घरी विश्रामबागला पोचेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. फ्रीज मात्र जिन्याच्या वळणावर अडकला, ना वर ना खाली. पाणी ओसरेपर्यंत तिथंच होता. तो कुठल्या रकान्यात लिहायचा यावर घरात अजून एकमत नाही.