अनुभव धागा: जुना सागवानी सज्जा पॉलिशआधी कसा तयार केलात?

माडीला आजोबांच्या वेळचा सागवानी सज्जा आहे. चार पावसाळे हातच लावला नाही. फळ्या राखाडी पडल्यात, कडेला शेवाळ. दिवाळीनंतर तेल-पॉलिश करायचंय. कोणतं तेल लावा, हे सगळेच सांगतात. त्याआधीचं सांगा. काय केलंत, काय फसलं?
– काटोल

आर्वी: गाडी धुवायच्या प्रेशर पंपानं धुतला. मळ गेला, पण लाकडाचे मऊ रेषे उखडले. अनवाणी चाललं की कूस टोचे. शेवटी धुण्याचा सोडा, कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश, तोही रेषांच्या दिशेनं. सोड्यानं लाकूड काळवंडतं, घाबरू नका. नीट धुऊन ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी फिरवलं की रंग परत येतो, खिळ्यांभोवतीचे काळे डागही उतरतात. हातमोजे, चष्मा हवाच. नंतर पुन्हा भरपूर पाणी.

दर्यापूर: आमच्या म्हाताऱ्या सुतारानं सांगतलं होतं, आधी खिये ठोका, मंग मशीन लावा. म्या ऐकलं नाई. भाड्याचा सँडर लावला अन् दहा मिन्टांत तीन कागदाच्या चिंध्या. मंग बसलो बाप्पा, एकेक खिया फळीच्या आत ठोकत. दोन दिवस गेले.

अहेरी: सागवानाच्या मुलखात राहतो, म्हणून सागवानाला काही होत नाही असा आमचा गैरसमज. घासायच्या आधी प्रत्येक फळीत पेचकस टोचून पाहा, विशेषतः भिंतीला टेकलेल्या टोकांना आणि खालच्या बाजूनं. आमच्या दोन फळ्या वरून ठणठणीत होत्या, पेचकस मात्र लोण्यात जावा तसा गेला. आत पांढरा भाग होता, म्हणजे सालीलगतचं कच्चं लाकूड. टिकतो तो गाभा. खाली आडव्या लाकडाला उधई. आधी ते बदललं.

धुतल्यावर दोन आठवडे उन्हं दिली. मग 60 नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर 80, आणि थांबलो. आणखी गुळगुळीत केलं तर तेल मुरत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहा: मोत्यासारखा बसून राहिला तर जुनं वॉर्निश अजून आहे.

भिवापूर: जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 2017 पासूनची. त्याआधीच्या थरांत काय असेल सांगता येत नाही. ओलं करून खरवडा, पोरांना लांब ठेवा.

मूल: घरचं जवसाचं तेल आहे म्हणून कच्चंच लावलं. महिनाभर चिकट, पावसाळ्यात काळी बुरशी. पुन्हा सगळं खरवडलं. आणि तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नका. आपोआप तापून पेट घेतो. आमचा कोपऱ्यात धुमसत होता, वासानं कळलं.

काटोल: काल पेचकस घेऊन बसलो. अकरापैकी चार फळ्या गेल्या. पॉलिश राहू द्या, सुताराला निरोप धाडलाय.