दिवेवाला पंखा घरी कोणी बसवलाय? अनुभव सांगा

चिऱ्याचं घर: काल माळ्यावर बाबांचा पिवळ्या मुठीचा टेस्टर सापडला आणि आंजर्ल्याचा २०२० चा जून आठवला. निसर्ग वादळात कौलं उडाली, माजघरातल्या पंख्यात पाणी. खूप दिवसांनी लाईट आली तेव्हा पंखा नुसता गुणगुणत होता. नवा आणला, खाली दिवा असलेला. वाशावरून येणाऱ्या वायरी दोनच! पंख्याचा फेज (वीज आणणारी वायर) वेगळा, दिव्याचा वेगळा, न्यूट्रल (परतीची वायर) सामाईक, हे कळत होतं. तरी कंटाळा करून दोन्ही फेज एकत्र पिळले. रेग्युलेटर एकवर केला की दिवा काजव्यासारखा लुकलुकायचा. वारा हवा तर उजेडही घ्या. आई दोन महिने तोंडावर पदर घेऊन झोपली. शेवटी बोर्डापासून पट्टीतून तिसरी वायर ओढली.

फणसाची आठळी: आई 😂😂

खारा वारा: गुणगुणत होता म्हणजे कपॅसिटर (पंख्याला फिरायला जोर देणारी डबी) गेला असेल. अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरड, त्याचं माप) टाकायचा. पंखा फेकलात??

चिऱ्याचं घर: आत्ता सांगताय!

मु.पो. देवगड: मी फक्त बटण बंद केलेलं, घराचा मेन स्विच नाही. जुन्या वायरमनने बटण न्यूट्रलवर दिलेलं, वर फेज जिवंत. शिडीवरून थेट सोलांच्या सुपात. शर्टाचे डाग अजून आहेत

खारा वारा: आणि हुक बघा रे आधी. वेंगुर्ल्याला आमच्या हुकाचे पापुद्रे हातात आले. दिवेवाला पंखा जड असतो

सुरमई: बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा घेतलाय रिमोटवाला, जुना रेग्युलेटर राहू दे का

चिऱ्याचं घर: नको, काढा. त्याला सरळ बटणातून सप्लाय द्यायचा.

सुरमई: थँक्यू. रिमोट कुत्र्याने पळवलाय, तीन दिवस पाचवर चाललाय, सगळे चादरी घेऊन 😭

फणसाची आठळी: सोलं यंदा काय भावाने दिली हो देवगडकर?

शेजारची काकी: रे झिला देवगडकर, गणपतीक कधी येतलंस? आमच्या खोलयेतलो पंखो तसोच पडान आसा. वायरमन म्हणता चतुर्थी झाल्यार बघूया

मु.पो. देवगड: येतंय काकी. मेन मात्र मी स्वतः बंद करतलंय. घावने मिळतले मा?

शेजारची काकी: आदी पंखो.