मदत हवी आहे : तलावाकाठी वाळ्याचा पट्टा, पण ओघळीचं काय?

तलावाच्या वरच्या अंगाला उसाची रानं, उतार साधारण 3 टक्के. रानातलं खत तलावात वाहून येऊ नये म्हणून काठावर वाळ्याचा (खस गवताचा) पट्टा. डीएपी खताच्या 50 किलोच्या गोणीत 9 किलो नत्र (नायट्रोजन), 23 किलो स्फुरद (फॉस्फेट). स्फुरद मातीला चिकटून वाहतं, त्यामुळे वाळ्याची दाट ओळ गाळासकट बरंचसं अडवते. नत्राचं दुखणं वेगळं: नायट्रेट पाण्यात विरघळून खालून झिरपतं. तिथे युरिया हप्त्याहप्त्याने, मातीआड देणंच खरं.

अडचण ओघळीची आहे. पाणी पसरत नाही, एकाच ठिकाणी पट्टा फोडतं. मग वाळा नावापुरता. आधी दगडी बांध घालावा की वर उताराला आडवे समपातळी चर काढावेत? रोपांत 10 सेंमी अंतर ठेवावं की 15? कापलेला वाळा लांब कुठे वापरता? काठावर कुजला तर स्फुरद परत पाण्यात. (जलपर्णी काढून काठावरच टाकतात, तीच गत.)