ती सेटर होती, हे विसरू नका
ऑलिम्पियनला कोचची नोकरी नुसत्या नावावर मिळते, हे व्हॉलीबॉलमधल्या स्मॅशरबद्दल एकवेळ खरं असेल, पण अमेरिकेच्या रॉबिन आ माउबद्दल पटत नाही. ती सेटर, म्हणजे स्मॅशरला बॉल उचलून देणारी. आपल्या बाजूचा दुसरा टच बहुतेक वेळा तिच्याच बोटांवर, आणि बॉल येईपर्यंत पलीकडचा ब्लॉकर कुठे झुकलाय हे हेरायचं. तीन ऑलिम्पिक खेळली, २००८ ला बीजिंगमध्ये रौप्य.

कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, २०१७ ला हवाई विद्यापीठाच्या महिला संघाची कोच म्हणून तिने ज्यांची जागा घेतली ते डेव्ह शोजी तिचेच कोच. एकाच माणसाने ४२ हंगाम सांभाळलेली खुर्ची! आमच्या कॉलेजचे सरही जुने सेटर. स्मॅश नेटमध्ये गेला की ओरडा आधी पास देणाऱ्याला.